कळ आली की थांबायचं

आये,

तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस, जवळजवळ तेवढ्या वयाचा मी आता झालोय. गुडघे तुझ्यासारखेच दुखतात, उठताना तोंडातून तुझ्यासारखाच सुस्कारा निघतो, आणि मग माझं मलाच हसू येतं. आज घरात कुणी नाही. तुझी सून माहेरच्या लग्नाला गेलीय, मुलगा आणि त्याची बायको कामावर. जेवून पडवीत बसलो होतो, तेव्हा मनात आलं की तुझी-माझी ती एका वर्षाची गोष्ट मी आजवर कुणालाच सगळी सांगितलेली नाही. तू तर तिच्यातच होतीस. पण तुला बाहेरून जे दिसलं ते वेगळं, आणि माझ्या आत जे चाललं होतं ते वेगळं. म्हणून आज माझ्या बाजूनं लिहितोय.

तेव्हा मी धाटावच्या एका कंपनीची बस चालवायचो. पहाटे पेणहून निघायचं, वडखळ, नागोठणं करत माणसं उचलायची, भिसे खिंड उतरून रोह्याच्या पुढं पहिल्या शिफ्टला सोडायची, तिथंच दुपारपर्यंत आडवं व्हायचं आणि सुटलेल्या माणसांना घेऊन परत यायचं. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर म्हणून गावात मला मान होता, आणि तो मला आवडायचा. बाबा लवकर गेले. तू भातशेती सांभाळलीस, भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरलेस, आणि शिवाय बाळंतपणं केलीस. आसपासच्या पाच-सहा गावांत आणि डोंगराकडच्या वाडीवरसुद्धा सुईण म्हणून तुलाच बोलवायचे. पेणला दवाखाना होता, पण बाईच्या कळा भराभर वाढल्या की दवाखान्याआधी तू पोचायचीस. मला वाटायचं, आमच्या आयेला काय लागतं, गरम पाणी, तेल आणि चांगले हात. त्या खोलीत बायकांशी तू काय बोलत असशील, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या सुनेशी भांडून निघालो होतो. तिच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, तिला चार दिवस माहेरी जायचं होतं, आणि मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो ते आज आठवतही नाही. ती म्हणाली, ‘तुम्हाला माझं काय पडलंय?’ त्याला मला उत्तर सुचलं नाही आणि मी दार आपटून निघालो. उत्तरं सुचली ती दुपारी, परत येताना. खिंड मागं पडली, रस्ता सरळ झाला, बसमध्ये थकलेली माणसं पेंगत होती, आणि मी स्टेअरिंगवर बसून तिला एकामागून एक उत्तरं देत होतो. मी रस्त्याकडे बघत होतो, पण दिसत होती ती, चुलीपाशी पाठ करून उभी असलेली. डावीकडच्या पायवाटेवरून सायकल रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला, पण तोवर उशीर झाला होता. किती उशीर, ते नंतर मी हजार वेळा मोजलं. डोळा मिटून उघडावा, एवढा.

तो पन्नाशीचा गवंडी होता, काम संपवून घरी चाललेला. हँडलला लावलेल्या पिशवीतून थापी आणि ओळंबा रस्त्यावर पडले होते. मी उतरलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बसमधली माणसं टेम्पो थांबवायला धावली. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, ‘सायकल बाजूला घ्या. कोणीतरी उचलून नेल.’ मग पाणी मागितलं. कुणीतरी बाटली दिली, मी त्याचे ओठ ओले केले. टेम्पोत घातला तेव्हाही डोकं मीच धरून होतो. दवाखाना यायच्या आधीच माझ्या हातांना कळलं.

कामगारांनी जबाब दिले की सायकल एकाएकी आली. रस्त्यावरच्या खुणा मोजल्या गेल्या, वेग जास्त नव्हता असं निघालं, पुढं कोर्टातूनही मी सुटलो. कंपनीला बस पुरवणारा ठेकेदार म्हणाला, पंधरा दिवस आराम कर आणि ये. गावातली माणसं घरी येऊन मांडी घालून बसायची आणि एकच वाक्य बोलायची, ‘तुझी काय चूक नाय रे.’ प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं की मी आणखी आत जायचो. कारण त्या उत्तरांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं लक्ष असतं तर तो पायवाटेवर असतानाच दिसला असता की नसता, हे मला कोण सांगणार होतं?

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मी बसकडे गेलो नाही. तुझी सून माहेरी गेलीच नाही, उलट माझ्या पुढ्यात ताट ठेवून गप्प बसून राहायची, आणि तिचं ते गप्प बसणंही मला सहन व्हायचं नाही. मी तिच्यावर ओरडायचो. ओरडलो की स्वतःला शिव्या द्यायचो. परड्यात जाऊन फणसाच्या बुंध्यावर मुठी मारायचो, साल निघायची हातांची. आणि मग मी पेणच्या वाटेवरच्या पुलावर जाऊन उभा राहायला लागलो. आये, मी काही ठरवून तिथं थांबत नव्हतो, पण तिथून निघायचंही ठरवत नव्हतो. एवढंच तेव्हाचं सांगता येईल.

तू एक दिवस बाजारातून परत येताना मला तिथं पाहिलंस. डोक्यावरची रिकामी टोपली कठड्याला टेकवून ठेवलीस आणि माझ्या शेजारी उभी राहिलीस.

‘काय बघतोस?’

‘पाणी.’

‘मी पण बघते.’

आणि तू खरंच बघत राहिलीस. घाबरली नाहीस, हात धरला नाहीस, रडली नाहीस. दोन बैलगाड्या आणि एक रिक्षा आपल्या मागून गेली. बऱ्याच वेळानं म्हणालीस, ‘माझे पाय दुखायला लागले. चल. वाल भिजवून बांधून ठेवलेत, मोड आलेत. तुझ्या बायकोचा हात भाजलाय, सोलायला घरात माणूस नाय.’

मी आलो. तिचा हात भाजलेला नव्हता, हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. तिनं तेव्हा तुझ्या सांगण्यावरून हाताला फडकं बांधलं होतं आणि आठवडाभर ती एका हातानं भाकऱ्या थापत होती.

गावात कुणा पुरुषानं बिरडं, म्हणजे मोडाचे वाल, सोललेलं मी पाहिलं नव्हतं. तू स्वयंपाकघरात मला पाटावर बसवलंस, पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं ठेवलंस, त्यात मोड आलेले वाल. एका टोकाला चिमटीत दाबायचं की दाणा सालातून सुटून पुढं येतो. जोरात दाबला तर मोड तुटतो, नाहीतर दाणा उडून चुलीमागं जातो. पहिल्या दिवशी माझे निम्मे दाणे चुलीमागं गेले. तू म्हणायचीस, ‘हा झाला. आता दुसरा घे,’ एवढंच. मला राग यायचा. माणूस मेलाय, आणि मी वाल सोलतोय! पण दाणा डोळ्यांसमोर असेपर्यंत तेवढ्यापुरता तो रस्ता समोर येत नव्हता. येत नव्हता कसला, यायचा, पण मग हातात वाल आहे हेही लक्षात यायचं. दोन्ही एकदम.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तुला सांगितलं. खाली मान घालून, पातेल्याकडे बघत. भांडण, खिंडीनंतरचा रस्ता, ती उत्तरं. सांगून झालं तरी तुझे हात थांबले नाहीत. तू तीन-चार दाणे सोललेस आणि म्हणालीस,

‘मंग थोडी चूक हाय तुझी.’

आये, तू त्या वेळी ‘नाय’ म्हणाली असतीस तर मी आज इथं नसतो. सगळं गाव मला निर्दोष ठरवून माझ्यापासून लांब उभं होतं, तू पहिल्यांदा जवळ आलीस. ‘थोडी चूक हाय’ म्हणालीस आणि वर, ‘भाकरी आत्ता खातोस की सोलून झाल्यावर?’ असंही विचारलंस. चूक आणि भाकरी एकाच तोंडानं, एकाच आवाजात. चुकलेल्या माणसालाही जेवायला वाढतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी रडलो. तू रडू दिलंस.

मग तू विचारलंस, ‘आता कुठं हाय ते?’

‘काय?’

‘दुखतं ते.’

मी चिडलो. ‘मी काय बाळंतीण हाय?’

‘दुखणं ते दुखणंच. सांग ना, कुठं हाय?’

मी छातीवर हात ठेवला. तू म्हणालीस, ‘आवळल्यासारखं, का जळल्यासारखं?’

‘आवळल्यासारखं.’

‘बरं. हात तिथंच राहू दे. त्याला घालवू नको, त्याच्यासंगं थांब. श्वास तेवढा धरू नको. कळ आली की पोरी श्वास धरतात, खाटेवरनं पळायला बघतात, मंग जास्त दुखतं. मी त्यांना सांगते, पळून कुठं जाशील गो, कळ तुझ्यासंगंच येणार. थांब, नि बघ तिच्याकडं. ती चढते, माथ्यावर येते, नि उतरते. न उतरलेली कळ मी आजवर बघितली नाय.’

‘परत येते पण.’

‘व्हय. परत येते. परत उतरते.’

त्यानंतर किती दिवस तू मला हेच विचारत होतीस. अंगणात, शेतात, जेवताना. ‘आलं का? कुठं हाय?’ कधी घशात असायचं, कधी पोटात. कधी मी म्हणायचो, ‘काही नाय.’ तू म्हणायचीस, ‘नाय तर नाय.’ मी मात्र अधूनमधून जुन्या वाटेला लागायचो. एकदा मी स्वतःलाच मोठ्यानं काहीतरी घाण बोललो, खुनी वगैरे, आणि तू वालाचे वेल उपटत होतीस ती थांबलीस. बांधावर बसलीस आणि मला ती गोष्ट सांगितलीस, जी मला तोवर ठाऊक नव्हती.

माझ्या आधी तुला एक मुलगी होती. दीड वर्षाची. तिला ताप होता, आणि लावणीचे दिवस होते. तू तिला शेजारच्या म्हातारीपाशी ठेवून लावणीला गेलीस, संध्याकाळी आलीस तेव्हा पोर गेली होती. ‘दोन वर्षं,’ तू म्हणालीस, ‘दोन वर्षं मी स्वतःला अवदसा म्हणत होते. सकाळी उठले की अवदसा, पाणी भरताना अवदसा. आणि मंग एकदा विहिरीवर एका बाईनं भांडणात मला तोच शब्द मारला. मी विळा घेऊन धावले तिच्या अंगावर. चार बायांनी धरली मला. घरी आले, बसले, नि डोक्यात आलं, अगो, ती एकदा बोलली तर तू विळा उचललास, नि तू तर रोज बोलतेस तिला. कोणाला? त्या पोरीच्या आयेला. तिचं पोर गेलंय, नि तू तिला असं बोलतेस?’

तू उठलीस, पदरानं तोंड पुसलंस. ‘तवापासून नाय बोलले. पोरीची आठवण येते, अजून येते. पण शिवी नाय देत. दुखणं हाय तेवढं पुरे, वर मार कशाला?’

मी तुला त्याआधी कधी स्वतःविषयी ‘तिला’ असं बोलताना ऐकलं नव्हतं. जणू तू एका शेजारणीबद्दल बोलत होतीस, जिचं तुला वाईट वाटत होतं.

तुझी माया नेहमी अशी मऊच नव्हती म्हणा. पावसाआधी एकदा तू मला चांगलं झापलंस. मी बरा होत होतो आणि बरं होण्याचीच मला लाज वाटायला लागली होती, म्हणून मी मुद्दाम एक दिवस उपाशी राहिलो. तू ताट उचललंस आणि म्हणालीस, ‘तू उपाशी राहिलास म्हणून त्या गवंड्याच्या बायकोची चूल पेटते का? स्वतःला मारून घेणं सोपं हाय. तिच्या दारात जाऊन उभं राहणं बघ जमतं का. जमत असेल तर मी येते संगं.’

मला महिना लागला. मग आपण दोघं एसटीनं गेलो, नागोठण्याच्या पुढं उतरून पायवाटेनं. तू टोपलीत थोडे वाल आणि घरचे तांदूळ घेतले होतेस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या घराला गिलावा नव्हता, विटा तशाच दिसत होत्या. त्याची बायको ओसरीवर धान्य पाखडत होती. दोन मुली, मोठी तेरा-चौदा वर्षांची.

तू म्हणालीस, ‘बाय, हा बसवाला. मी ह्याची आय.’

तिनं सूप खाली ठेवलं. ‘या’ म्हणाली नाही, ‘जा’ म्हणाली नाही. मग मोठ्या मुलीनं आपण होऊन चटई टाकली. मी बसलो. माझ्या छातीत असं काही चढत होतं की मला पायवाटेनं पळत सुटावंसं वाटत होतं. तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, जमिनीकडे बघत होतीस. मी श्वास सोडला आणि बोलायला लागलो.

‘वहिनी, त्या दिवशी माझं लक्ष...’

तिनं हात वर केला. ‘तुझ्या मनातलं मला नको सांगू. माझ्याजवळ ठेवायला जागा नाय. त्यांचं सांग. शेवटाला तू होतास ना तिथं?’

मी सांगितलं. डोकं मांडीवर घेतलं ते, पाणी मागितलं ते. ‘काय बोलले?’ तिनं विचारलं. मला सांगावं की नाही कळेना. मग जसं होतं तसं सांगितलं, ‘सायकल बाजूला घ्या म्हणाले. कोणीतरी उचलून नेल म्हणाले.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘सायकलचं बोलले? माझं नाय, पोरींचं नाय, सायकलचं?’ आणि तिनं पदर तोंडावर धरला, तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मोठी मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. ‘तसेच होते,’ ती शेवटी म्हणाली. ‘म्हणजे भान होतं त्यांना. मला लोक सांगतात, जागीच गेले, रस्त्यावर एकटे पडले होते.’

‘नाय वहिनी. एकटे नव्हते. मी धरून होतो. गाडीतसुद्धा.’

‘एकटे नव्हते,’ ती मुलींना म्हणाली, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं.

तिनं मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही, तिनं मागू दिली नाही. तांदूळ ठेवून घेतले, पाणी दिलं. आपण निघताना म्हणाली, ‘सायकल अजून पोलीस ठाण्यात पडलीय. मी बाईमाणूस, दोनदा गेले, काय कागद मागतात ते समजत नाय. तेवढी आणून दे.’

परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, ‘तुझं ओझं तिच्या डोक्यावर द्यायला गेला होतास. तिनं नाय घेतलं. बरं केलं तिनं. तुझं तूच ने, पण सरळ चाल.’

सायकल मी सोडवून आणली. पुढचं चाक वाकडं झालं होतं, ते पेणला सरळ करून घेतलं, नवी ट्यूब टाकली, आणि नागोठण्यापासून त्या घरापर्यंत स्वतः चालवत नेली. पुढं दोन वर्षं मी बस घेऊन परत येताना, शाळा सुटायच्या वेळेला, ती मोठी मुलगी त्या सायकलवरून रस्त्याच्या कडेनं जाताना दिसायची. दांडा उंच होता तिला. मी लांबूनच बस हळू करायचो. ती कधी हात करायची, कधी नाही. पुढं ती पेणला परिचारिका झाली असं ऐकलं.

पण बसवर परत बसायचा तो पहिला दिवस राहिलाच सांगायचा. ठेकेदारानं सांगितलं, आधी एक रिकामी फेरी मारून बघ. तू म्हणालीस, ‘मी येते. मला रोहा बघायचंय.’ रोहा तू शंभरदा पाहिलं होतंस. तू माझ्या शेजारी, इंजिनाच्या बाजूच्या सीटवर बसलीस, मांडीवर पिशवी, आणि वडखळपर्यंत नुसती बडबड केलीस, कुणाची सून कशी आणि कुणाची म्हैस कशी. नागोठणं सोडल्यावर गप्प झालीस. ती जागा जवळ आली तशी मी बस बाजूला घेऊन थांबवली. तू विचारलं नाहीस. मी स्वतःशीच म्हणालो, आलीय, छातीत आहे, चढतेय. श्वास चालू ठेवला. काचेतून मला ती पायवाट दिसत होती, कडेची निवडुंगं, एक पांढरा बगळा, रस्त्यावरचं ऊन. सगळं आहे तसं दिसत होतं. आणि कळ उतरली. किती वेळ लागला ठाऊक नाही. मी गिअर टाकला. खिंड चढताना तू म्हणालीस, ‘पाणी हाय का रे प्यायला?’ तुझा घसाही कोरडा पडला होता म्हणजे.

त्यानंतर तीस वर्षं बस चालवली. तो रस्ता कधी साधा झाला नाही, आणि व्हावा असं मला वाटतही नाही. तुझ्या सुनेशी भांडणं झाली, होतच राहिली. पण भांडून निघालो की बसमध्ये चढण्याआधी मी दोन मिनिटं मागच्या चाकापाशी उभा राहायचो आणि राग कुठं आहे ते बघायचो. क्लीनर म्हणायचा, साहेब टायर तपासतात.

तुझ्या शेवटच्या आजारपणात तू घाबरलीस, ते एकदाच मी पाहिलं. दम लागत होता, डोळे मोठे झाले होते. मी तुझ्या छातीवर हात ठेवून विचारलं, ‘आये, कुठं हाय?’ तू धाप टाकत माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘मला शिकवतोस व्हय?’ आणि हसलीस. मग माझ्या हातावर हात ठेवून बराच वेळ श्वास घेत राहिलीस. त्यानंतर चार दिवस होतीस तू, आणि चारही दिवस तुझ्या सुनेला स्वयंपाकातल्या चुका सांगत होतीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरी ते लिहायला आजच का बसलो, ते सांगतो. ठेकेदाराचा मुलगा अजून मला नव्या ड्रायव्हरांना रस्ता दाखवायला बोलावतो. मागच्या आठवड्यात धाटावला ड्रायव्हर लोकांसाठी एक शिबिर होतं. मुंबईहून एक तरुण बाई आली होती, चांगली मुलगी, मनापासून शिकवणारी. फळ्यावर तिनं ‘माइंडफुलनेस’ असं लिहिलं आणि म्हणाली, राग, भीती, अपराधी वाटणं, काहीही मनात आलं की पळू नका, ते शरीरात कुठं आहे ते बघा, श्वास घ्या, आणि जवळच्या माणसाशी बोलाल तसं स्वतःशी बोला. सगळ्यांना डोळे मिटायला लावले. पोरं चुळबुळत होती, एकमेकांना ढोसत होती. माझा हात आपोआप छातीवर गेला होता. तिनं ते पाहिलं.

‘काका,’ ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तुम्हाला हे आधीपासून येतं. कुठं शिकलात?’

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. तोंडाशी आलं होतं. पण आमची आय सुईण होती, तिनं शिकवलं, असं म्हटलं तर पोरं हसतील असं वाटलं, आणि तुझं नाव घेतलं असतं तर पुढं तो दिवसही सांगावा लागला असता. मी म्हणालो, ‘असंच. गाडी चालवून चालवून येतं.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि आये, त्या टाळ्या मी घेतल्या. ती बाई पुढच्या महिन्यात परत यायचीय. या वेळी खरं सांगायचं असं ठरवलंय, पण नक्की सांगेनच असं तुला आज म्हणवत नाही.